लष्करातून निघालेलं हेलिकॉप्टर : स्वस्त कशात, महाग कशात

अमेरिकेत लष्कराची जुनी हेलिकॉप्टरं सरकारी लिलावात निघतात आणि खासगी खरेदीदार ती घेतातही. तिथल्या लष्कराने २०१४ च्या सुमारास ‘ब्लॅक हॉक’ची जुनी यूएच-६०ए मालिका अशी विकायला काढली. बेल कंपनीचं यूएच-१, म्हणजे ‘ह्यूई’, त्याच्या कितीतरी आधीपासून खासगी हातांत जात होतं. व्हिएतनाम युद्धावरच्या चित्रपटांतून सगळ्या जगाने पाहिलेलं हे यंत्र १९५६ साली पहिल्यांदा उडालं आणि पुढे अशी सोळा हजारांहून जास्त यंत्रं बांधली गेली. नव्या हेलिकॉप्टरच्या मानाने लिलावातली बोली इतकी कमी असते, की ऐकणाऱ्याला मोह होतोच. तो मोह मला समजतो. पण याच व्यवहारात माणसं पैसे घालवतात, कधी जीवही धोक्यात घालतात, म्हणून काही समजुती मुळातून तपासायला हव्यात.

‘तास कमी झालेत, म्हणजे नव्यासारखंच.’ विक्रीच्या जाहिरातीत हे हमखास असतं. पण सांगाड्याचे तास हा किमतीचा फार छोटा भाग. हेलिकॉप्टरमधले अनेक महत्त्वाचे भाग ठरावीक आयुष्याचे असतात. ते आयुष्य संपलं की भाग वरून कितीही धडधाकट दिसो, काढून टाकावाच लागतो. त्यामुळे किंमत काढायची ती एकेका भागाच्या उरलेल्या आयुष्याची बेरीज करून. उदाहरणापुरतं धरा, एक भाग नवा घेतला तर ५० लाखांचा आणि त्याचं मंजूर आयुष्य २,५०० तास. ५०० तास उरले असतील तर तो साधारण १० लाखांचा. आणि किती वापरला याची नोंदच नसेल तर? शून्य धरायचा. वर नव्याचा खर्च.

ह्यूईच्या मास्टचंच पाहा. गिअरबॉक्समधून वर येणारा, मुख्य रोटर पेलणारा हा उभा पोकळ दंड. तो तुटला तर वैमानिकाच्या हातात काहीही उरत नाही. त्याचं आयुष्य नुसत्या तासांवर मोजून भागत नाही. दर उड्डाणाला, आणि खाली टांगलेलं ओझं दर वेळी उचलताना, त्याच्यावर पिळाचा ताण चढतो आणि उतरतो. धातू थकतो तो या चढ-उतारांनी. म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने, एफएएने, हे सगळे प्रसंग मोजून, त्यांना गुणक लावून एक ‘रिटायरमेंट इंडेक्स नंबर’ काढायला लावला. समजा दोन ह्यूई आहेत, दोन्हींचे तास सारखेच. एकाने माणसांची ने-आण केली, दुसऱ्याने जंगलतोडीत तासाला कित्येक खेपा करत ओंडके उचलले. दुसऱ्याचा मास्ट कधीच बाद झालेला असू शकतो. हे तासांच्या मीटरवर दिसत नाही, नोंदवहीत दिसतं.

आणि नोंदवही तरी त्याच भागाची आहे ना? मास्टवर कोरलेला अनुक्रमांक बॅटरीच्या उजेडात वाचायचा, नोंदपत्रावरच्या क्रमांकाशी आकडा आकडा ताडायचा. एक आकडा चुकला तर ते कागद दुसऱ्याच मास्टचे. लष्करात भाग या यंत्रातून त्या यंत्रात सतत हलत असतात, त्यामुळे अशी तफावत निघते.

तासांइतकंच महत्त्व गेलेल्या वर्षांना. ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत ठेवलेलं यंत्र आणि दमट किनाऱ्यावर उभं राहिलेलं यंत्र एकाच भावाचं नसतं. ह्यूईची पाती आत मधाच्या पोळ्यासारख्या रचनेची, वर धातूचे पत्रे चिकटवलेली. आत ओल शिरली की पत्रा सुटू लागतो. जाणकार मेकॅनिक नाण्याने हलके ठोके देत पात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. खणखणीत आवाज मध्येच बद्द झाला, की तिथला सांधा सुटल्याची शंका येते.

‘घेऊ, आणि पर्यटकांना फिरवून पैसे वसूल करू.’ नाही जमणार. ह्यूईसारख्या यंत्रांना सहसा ‘रिस्ट्रिक्टेड’ वर्गाचं प्रमाणपत्र मिळतं. शेती, वनसंरक्षण, सर्वेक्षण, गस्त अशी ठरावीक कामंच त्यावर करता येतात. भाडं घेऊन माणसं किंवा माल नेता येत नाही, दाट वस्तीवरून उडायलाही निर्बंध. बेल २०५ए-१ हे याच घराण्यातलं नागरी भावंड, दिसायला जवळपास तसंच. त्याला पूर्ण प्रमाणपत्र आहे, म्हणूनच ते महाग. लष्करी यंत्रावर नागरी पाटी ठोकली म्हणून ते २०५ होत नाही.

सगळ्यांत फसवी समजूत मला पुढची वाटते. ‘पोलिसांनी वीस वर्षं उडवलं, म्हणजे कागद चोखच असणार.’ अमेरिकेत सरकारी कामासाठी उडणाऱ्या ‘पब्लिक एअरक्राफ्ट’ना नागरी उड्डाणयोग्यता प्रमाणपत्राची गरजच नसते. त्यामुळे एखाद्या शेरीफच्या कार्यालयाने ते वर्षानुवर्षं बिनबोभाट वापरलं असेल, पण विकत घेणाऱ्याच्या हाती प्रमाणपत्राची कोरी पाटी येऊ शकते. शिवाय अग्निशमनासाठी काही राज्यांना दिलेली यंत्रं संघराज्य सरकारच्याच मालकीची राहतात. ती विकण्याचा अधिकार राज्याला नसतो.

शस्त्रांची चिंता मात्र करू नका, ती विक्रीआधीच काढलेली असतात. भारतात आणायचं म्हटलं तर अमेरिकी सरकारचा निर्यात परवाना लागेल आणि आपल्या विमान वाहतूक नियामकाला, डीजीसीएला, मान्य असलेलं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या जातीच्या रचनेला मिळालेली मंजुरी, लागेल. रिस्ट्रिक्टेड वर्गातलं यंत्र या दुसऱ्या अटीपाशीच अडण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडे लष्कराच्या लिलावातली जीप घेऊन गॅरेजवाला ती पुन्हा रस्त्यावर आणतो, तो हिशेब इथे लागू होत नाही. ‘जसे आहे, जेथे आहे’ ही अट दोन्हीकडे असते, पण जीप बंद पडली तर कडेला लावता येते.

म्हणजे लष्करी यंत्र कधीच घेऊ नये? तसं नाही. अमेरिकी लष्कराचं टीएच-६७ हे प्रशिक्षण हेलिकॉप्टर बेलच्या नागरी २०६बी-३ वरच बेतलेलं. त्याला नागरी प्रमाणपत्राची वाट बरीच जवळची, म्हणून त्याला मागणीही आहे. ह्यूई घ्यायचंच असेल तर बोलीआधी त्या जातीच्या यंत्रावर काम केलेला स्वतंत्र मेकॅनिक नेमा आणि त्याला इंजिनाचं झाकण उघडण्याआधी नोंदवह्या वाचायला बसवा. तासाला तीनशे लिटरच्या आसपास इंधन, विमा आणि येत्या दोन वर्षांत आयुष्य संपणाऱ्या भागांची यादी त्याच्याकडून लिहून घ्या. त्या यादीची रक्कम बोलीच्या वर गेली, तर ते यंत्र सोडून द्या.