निजाम सर्किट आणि मराठवाड्यातील चित्रपटगृहे

महाराष्ट्रातील जुन्या चित्रपटगृहांचा विचार करताना मुंबई-पुण्याच्या नामांकित वास्तूंकडे लक्ष जाणे स्वाभाविक असले, तरी हिंगोलीसारख्या जिल्ह्याचे सिनेमाशी नाते कसे घडले याचे उत्तर त्या वास्तूंत सापडत नाही. ते चित्रपटांच्या वितरणव्यवस्थेत शोधावे लागते. या व्यवसायाने देशाची विभागणी ‘सर्किट’ नावाच्या विक्रीक्षेत्रांत केलेली आहे. निर्माता आपल्या चित्रपटाचे हक्क सर्किटनिहाय विकतो आणि ते घेणारा वितरक त्या क्षेत्रातील चित्रपटगृहांना चित्रपट पुरवतो. या विभागणीत विदर्भ ‘सी. पी. बेरार’ सर्किटमध्ये येतो, तर मराठवाडा तेलंगणासह ‘निजाम’ सर्किटमध्ये. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, मराठवाडा १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरीही हिंदी चित्रपटांच्या व्यापारी नकाशावर संस्थानाची जुनी हद्द कायम राहिली. त्यामुळे हिंगोली आणि तिला लागून असलेले वाशीम आज एकाच राज्यात असूनही त्या नकाशावर दोन वेगळ्या सर्किटांत मोडतात.

या हद्दीचे मूळ सिनेमाच्या प्रारंभकाळात आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला, ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, १९१५ मध्ये पुण्यात गंगाधरपंत पाठक यांचे ‘आर्यन’ सुरू झाले आणि १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये प्रदर्शित झाला. हा सारा ओघ ब्रिटिश मुलखातला होता. मराठवाड्याची राजधानी त्या काळी हैदराबाद होती आणि तेथे सिनेमाचे भवितव्य दरबाराच्या मर्जीवर अवलंबून होते. धीरेंद्रनाथ गांगुली यांनी १९२२ च्या सुमारास हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी स्थापन करून निजामाच्या आश्रयाने चित्रनिर्मिती सुरू केली. परंतु १९२४ मध्ये त्यांनी दाखवलेल्या ‘रझिया बेगम’ या चित्रपटामुळे दरबाराची इतराजी ओढवली आणि त्यांना संस्थान सोडावे लागले.

दळणवळणाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा होता, कारण चित्रपट म्हणजे प्रत्यक्ष वाहून न्यावी लागणारी वस्तू होती. पस्तीस मिलिमीटर रुंदीची फिल्म सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने चालवली, तर मिनिटाला नव्वद फूट खर्ची पडते. म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट फिल्म लागते, आणि तिची रिळे पत्र्याच्या जड पेट्यांत भरून गावोगाव न्यावी लागत. निजामाच्या रेल्वेचा पूर्णा-हिंगोली हा मीटरगेज फाटा १९१२ मध्ये सुरू झाला. त्यामुळे हिंगोली गोदावरी खोऱ्यातील मनमाड-सिकंदराबाद मार्गाशी, म्हणजे हैदराबादशी, जोडली गेली. उत्तरेकडे अकोल्याला जोडणारा लोहमार्ग मात्र स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाला. राज्यसत्ता, रेल्वे आणि व्यापार यांच्या वाटा अशा एकाच दिशेने जात असल्याने वितरणाची हद्दही त्याच दिशेने आखली गेली.

पक्क्या इमारतीतील चित्रपटगृहाला रोजचा प्रेक्षक लागतो, आणि शेतीवर जगणाऱ्या विरळ वस्तीच्या मुलखात तो मिळणे कठीण असते. म्हणून ग्रामीण महाराष्ट्रात सिनेमा प्रथम पोहोचला तो ‘टुरिंग टॉकीज’च्या रूपाने. प्रक्षेपणयंत्र, पडदा, कनाती आणि तंबू घेऊन जत्रा व बाजारांच्या गावी मुक्काम करणारे हे फिरते चित्रपटगृह. औंढा नागनाथची महाशिवरात्रीची यात्रा किंवा हिंगोलीचा दसरा अशा गर्दीच्या प्रसंगांवरच या व्यवसायाचे गणित बसते, कारण तेथे प्रेक्षक शोधावा लागत नाही. स्थायी चित्रपटगृहात दोन यंत्रे असल्याने एक रीळ संपताच दुसरे अखंड सुरू होई. तंबूत बहुधा एकच यंत्र असल्याने रीळ बदलेपर्यंत खेळ थांबे. तरीही ज्या शेतकरी-मजूर कुटुंबांना शहर गाठणे परवडत नव्हते, त्यांच्यापर्यंत पौराणिक आणि संतपट या तंबूंनीच नेले, आणि सिनेमाच्या इतिहासात या कामगिरीला वास्तूंइतकेच मानाचे स्थान मिळायला हवे. महाराष्ट्रातील या फिरत्या व्यवसायाचे चित्रण करणारा शर्ली अब्राहम व अमित मधेशिया यांचा माहितीपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला.

चित्रपटगृहांवर जिल्हा प्रशासनाचे नियंत्रण का आले, यालाही तांत्रिक कारण आहे. आरंभीची फिल्म नायट्रेटची, म्हणजे सहज पेट घेणारी असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने परवान्याचा संबंध सुरक्षिततेशी जोडला आणि तो देण्याचा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे दिला. मुंबई इलाख्यात १९२३ पासून तिकिटावर करमणूक करही लागू झाला. स्वातंत्र्यानंतर सेन्सॉरचा विषय केंद्राकडे आणि चित्रपटगृहांचे नियमन राज्यांकडे गेले. परवाना आणि कर या दोन्ही वाटांनी प्रत्येक तालुक्याच्या गावातील पडदा सरकारी दप्तरात नोंदला जाऊ लागला.

एकपडदा चित्रपटगृहांच्या उताराला केवळ प्रेक्षकांची बदललेली आवड कारणीभूत ठरवणे अपुरे आहे. छापील प्रतींची संख्या मर्यादित असल्यामुळे त्या आधी मोठ्या शहरांत लागत आणि लहान गावांत उशिरा, झिजलेल्या अवस्थेत पोहोचत. १९८० च्या दशकात व्हिडिओ कॅसेट आल्यावर या विलंबाची मोठी किंमत चित्रपटगृहांना मोजावी लागली. २००१ मध्ये राज्याने मल्टिप्लेक्सना सुरुवातीच्या काही वर्षांसाठी करमणूक करात सवलत दिली, पण तिचा लाभ मुख्यतः मोठ्या शहरांना झाला. पुढे उपग्रहाद्वारे डिजिटल प्रक्षेपण आल्याने पेट्यांची वाहतूक संपली आणि नवा चित्रपट लहान गावातही पहिल्याच दिवशी लागू शकला. मात्र तोवर अनेक मालकांकडे इमारत दुरुस्त करण्याइतके भांडवल उरले नव्हते आणि गावाच्या मध्यावरील जागेची किंमत तिकीटविक्रीच्या उत्पन्नाहून कितीतरी अधिक झाली होती.

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचा जीर्णोद्धार होऊन २०१६ मध्ये ते पुन्हा खुले झाले, कारण त्या वास्तूचे मोल सर्वमान्य होते. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या ठिकाणची चित्रपटगृहे वास्तू म्हणून देखणी नसतील, परंतु जात, वर्ग आणि भाषा यांनी विभागलेला समाज एका छपराखाली, एकाच पडद्यासमोर बसण्याची जी मोजकी ठिकाणे या प्रदेशात निर्माण झाली, त्यांत ती मोडतात. त्यांचा इतिहास परवान्यांच्या फायली, करमणूक कराच्या नोंदवह्या आणि वितरकांचे करार यांत आहे. त्यांपैकी १९९९ पूर्वीची कागदपत्रे परभणीच्या आणि १९४८ पूर्वीची हैदराबादच्या दप्तरांत शोधावी लागतील. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हे काम हाती घ्यावे आणि त्याला जुन्या ऑपरेटरांच्या व तंबूमालकांच्या आठवणींची जोड द्यावी. तसे झाले, तर महाराष्ट्राच्या सिनेमाचा इतिहास मुंबई-पुण्यापुरता उरणार नाही. हैदराबादमार्गे मराठवाड्यात आलेला त्याचा प्रवाहही त्यात रीतसर नोंदला जाईल.