पहिला चेंडू, पहिला झेल

मुलांनो, आज एक कोडं घालते. कसोटी क्रिकेटमध्ये भारतातर्फे पहिला चेंडू कोण खेळलं? सी. के. नायडू? नाही. लाला अमरनाथ? तेही नाही. बरं, दुसरं कोडं. कसोटीत भारताकडून पहिला झेल कोणी घेतला? गंमत म्हणजे दोन्हींचं उत्तर एकच आहे, आणि ते नाव आहे आपल्या पुण्याचं. जनार्दन ज्ञानोबा नवले, भारताचे पहिले कसोटी यष्टिरक्षक!

यष्टिरक्षक म्हणजे आपला विकेटकीपर हो. उदगीरच्या कुठल्याही गल्लीत बघा, बॅट सगळ्यांना हवी, बोलिंगवरून भांडणं, आणि कीपर कोण? सगळ्यात धाकटं लेकरू, नाहीतर मागची भिंत! म्हणून तर नवले कुणाच्या लक्षात राहिले नसतील?

नवले यांचा जन्म ७ डिसेंबर १९०२ चा, गाव फुलगाव. शिक्षण पुण्याच्या भावे स्कूलमध्ये. त्या काळी मुंबईत हिंदू, पारशी, मुस्लिम आणि युरोपियन अशा चार संघांची मोठी स्पर्धा व्हायची. नवले सोळाव्या वर्षाच्या सुमारास हिंदू संघाचे कीपर झाले. म्हणजे तुमच्या दहावीतल्या दादाएवढे!

मग आला २५ जून १९३२ चा दिवस. इंग्लंडमधलं लॉर्ड्सचं मैदान, भारताची पहिलीच कसोटी. इंग्लंडने आधी बॅटिंग घेतली. आपल्या महंमद निसारने दोघांच्या दांड्या उडवल्या, तिसरा धावबाद, इंग्लंड ३ बाद १९! पुढे मात्र कप्तान जार्डिन पाय रोवून उभा राहिला. तो ७९ वर असताना नायडूंच्या चेंडूवर त्याच्या बॅटची कड लागली आणि चेंडू नवल्यांच्या हातात विसावला. हाच तो पहिला झेल.

आता जरा हिशोब करा. इंग्लंडचा डाव १०५ षटकं चालला, २५९ धावा झाल्या. एका षटकाचे सहा चेंडू. म्हणजे नवले सहाशेहून जास्त वेळा खाली बसले आणि उठले. पन्नास उठाबशा काढल्या तरी आपले पाय कसे लटपटतात! समोर निसारसारखा वेगवान आणि अमरसिंगसारखा चेंडू वळवणारा बोलर. डोक्याला हेल्मेट नाही, ते यायला अजून कितीतरी वर्षं होती. चेंडू एकदा नजरेतून सुटला की नाकावरच.

एवढं झाल्यावर कुणीही म्हणालं असतं, मला जरा बसू द्या. पण त्याच संध्याकाळी नवले पॅड बांधून नौमल जौमलबरोबर सलामीला उतरले! बोलिंगला होते बोस आणि व्होस. पुढच्याच हिवाळ्यात हे दोघे जार्डिनबरोबर ऑस्ट्रेलियाला गेले, अंगावर चेंडू टाकण्याच्या त्या गाजलेल्या 'बॉडीलाइन' मालिकेसाठी. दिवस संपला तेव्हा भारत बिनबाद ३०. दुसऱ्या दिवशी नवले १२ धावांवर बाद झाले, दुसऱ्या डावात त्यांनी १३ केल्या. सामना आपण १५८ धावांनी हरलो.

डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर भारतातली पहिली कसोटी झाली. लाला अमरनाथ यांच्या शतकासाठी ती सगळ्यांना ठाऊक आहे. कीपर तेव्हाही नवलेच होते. धावा झाल्या १३ आणि ४. पुढच्या कलकत्ता कसोटीत दिलावर हुसेन कीपर म्हणून आले. त्यांनी दोन्ही डावांत अर्धशतकं केली, आणि नवल्यांची कसोटी कारकीर्द संपली. दोन सामने, ४२ धावा. कीपरला धावांवरून जोखायचं हे तेव्हापासूनचंच! आकडा छोटा दिसतो खरा, पण त्यात त्या सहाशे उठाबशा कुठे मोजल्यात?

तेव्हा क्रिकेटमध्ये पैसा नव्हता. ना जाहिराती, ना खेळाडूंचे लिलाव. उसाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली साखर कारखान्याच्या फाटकातून आत जाताना तुम्ही पाहिली असेल. फाटकावर रखवालदारही असतो. उतारवयात नवल्यांनी साखर कारखान्यात तीच नोकरी केली. पुण्यात दोन खोल्यांचं घर होतं. ७ सप्टेंबर १९७९ रोजी पुण्यातच ते वारले.

लॉर्ड्सच्या त्या सामन्याचा धावफलक कुठे छापलेला मिळाला, तर जार्डिनच्या नावापुढे बघा. तिथे लिहिलेलं असतं: झे. नवले, गो. नायडू, ७९.