आजोबा बिबट्या

मुलांनो, ऑस्ट्रेलियात १९६८ साली स्किपी नावाच्या कांगारूची मालिका टी.व्ही.वर लागली. आपल्या जिल्ह्यातल्या बिबट्यावर तर सिनेमा निघाला!

२००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढून गळ्यात यंत्राचा पट्टा बांधला. तो कुठं जातो ते पट्ट्यावरून कळायचं. वय जास्त, म्हणून नाव ‘आजोबा’. माळशेज घाटात सोडला, तर गडी सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईला गेला! वाटेत गावे, रस्ते लागले, पण त्याने माणसाला काही केले नाही. २०११ साली बिचारा गाडीखाली मेला. २०१४ साली ‘आजोबा’ सिनेमा आला.

उसात बिबट्या असला की मला भीती वाटते. म्हणून रात्री बॅटरी घ्या, मोठ्याने बोलत जा. पण बिबट्या दिसला तर घोळका करू नका, दगड मारू नका. त्याला वाट द्या.

– इयत्ता ४ थी