मूल चालले, पण ऐकते-बोलते का?

घरात मूल पहिले पाऊल टाकते तो दिवस सर्वांच्या लक्षात राहतो. मामाला फोन जातो, शेजारी बघायला येतात. पण मूल आपल्या नावाला पहिल्यांदा कधी वळले, बोटाने काही कधी दाखवले, असे विचारले तर बहुतेक आई-वडिलांना आठवत नाही. चालणे डोळ्यांना दिसते, ऐकणे दिसत नाही. म्हणून चालण्यात महिनाभर उशीर झाला की घर काळजीत पडते, आणि बोलण्यात वर्षभर उशीर झाला तरी 'बोलेल की, घाई काय आहे' म्हणून सोडून दिले जाते. खरे तर याच्या उलट व्हायला हवे.

आधी चालण्याचे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या ५ देशांतील निरोगी मुलांची वाढ पाहून २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आधाराशिवाय बसणे कोणाला चौथ्या महिन्यात जमते, कोणाला नऊ महिने होतात. एकटे चालणे कोणी आठ महिने पूर्ण होताच करते, तर कोणी साडेसतरा महिन्यांनी. शंभरातली चारेक मुले गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तरी ती नीट चालली. तेव्हा जावेचा मुलगा दहाव्या महिन्यात चालला आणि आपला चौदाव्या महिन्यात, यावरून सुनेला बोल लावण्यात काही अर्थ नाही. १८ महिने उलटूनही मूल चालत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. बाळ दिवस भरण्याआधी जन्मले असेल तर तेवढे दिवस वयातून वजा करून हिशेब करावा. दोन महिने आधी आलेले बाळ आठ महिन्यांचे झाले, तर त्याच्याकडून सहा महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवावी. हा हिशेब दोन वर्षांपर्यंत धरतात.

जाता जाता एक गोष्ट. बाळाला आत बसवून फिरवायचा प्लॅस्टिकचा वॉकर घेऊ नये. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट पायरीवरून किंवा शेगडीजवळ अपघात होतात. कॅनडाने तर २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. मागे उभे राहून ढकलायचा आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. कोणी लक्ष ठेवायला असेल तर तो चालेल.

आता बोलण्याकडे येऊ. बोलण्याची सुरुवात ऐकण्यापासून होते. दीड-दोन महिन्यांचे बाळ आपल्याकडे पाहून हसते. सहा ते नऊ महिन्यांत 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड सुरू होते. वर्षाच्या आत ते नावाला वळते, 'टाटा' करते, घरातली मोठी माणसे वंदनेला बसली की तेही पाहून हात जोडते. वर्षाच्या सुमारास एखादा अर्थाचा शब्द येतो आणि मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवू लागते. दोन वर्षांचे होईपर्यंत 'आई ये', 'पाणी दे' असे दोन शब्द स्वतःहून जोडता यायला हवेत.

इथे घरातल्या माणसांची फसगत होते ती अशी. जन्मतः ऐकू न येणारे बाळही रडते, हसते, पहिले काही महिने हुंकारही देते. म्हणून कोणाला शंका येत नाही. पुढे बडबड वाढण्याऐवजी कमी होते, तेव्हा 'शांत मूल आहे' असे कौतुक होते. कोणी शंका काढलीच तर घरचे ताट वाजवून दाखवतात. मूल वळते आणि विषय संपतो. पण ऐकू येणे आणि न येणे यांच्या मध्ये पुष्कळ पायऱ्या आहेत. एखाद्या मुलाला वरातीचा डीजे, ताटाचा खणखणाट ऐकू येतो, पण आईचा हळू आवाज येत नाही. एखाद्याला जाड आवाज येतात, पण 'स', 'श' असे बारीक आवाज येत नाहीत. शिवाय मागून टाळी वाजवली तर वाऱ्याची झुळूक लागते, पाय आपटला तर जमीन हादरते, सावली हलते. मूल त्यानेही वळते. त्यामुळे घरची परीक्षा फार तर शंका येण्यापुरती. मूल खेळात रमलेले असताना, त्याला आपण दिसणार नाही अशा जागेवरून, नेहमीच्या आवाजात नाव घ्यावे. वेगवेगळ्या दिवशी असे करूनही ते वळत नसेल तर तपासणी करावी. वळत असेल पण बोलत नसेल, तरीही करावीच.

'त्याचा बापही तीन वर्षांनी बोलला', 'जीभ जड आहे', 'मुलगे उशिराच बोलतात', 'घरात मराठी, शेजारी हिंदी, म्हणून गोंधळले' ही वाक्ये प्रत्येक वस्तीत ऐकू येतात. दोन भाषा कानावर पडल्याने मूल मुके राहत नाही. जिभेखालची शीर आखडली असेल तर काही उच्चार बोबडे होऊ शकतात, पण त्यामुळे मूल बोलायचे थांबत नाही. वेखंड उगाळून चाटवल्याने किंवा अंगारा लावल्याने कानातली नस सुधारत नाही, मधले महिने मात्र निघून जातात. हे महिने का महत्त्वाचे? पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू आवाजावरून भाषा बांधत असतो. तेव्हा आवाज पोचलाच नाही, तर पुढे यंत्र लावूनही भाषा शिकायला फार कष्ट पडतात. म्हणून जगभरचे तज्ज्ञ सांगतात की जन्मल्यावर १ महिन्याच्या आत कानाची पहिली चाचणी, ३ महिन्यांच्या आत पक्के निदान आणि ६ महिन्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत. आपण दोन वर्षांनी जागे होतो.

काही बाळांच्या बाबतीत पहिल्यापासूनच सावध राहावे. जन्मानंतर बराच काळ अतिदक्षता विभागात राहिलेले, जोराची कावीळ झालेले, मेंदूज्वर होऊन गेलेले, आईला गरोदरपणी रुबेला झालेला असलेले, किंवा ज्यांच्या घरात आधी कोणी जन्मतः बहिरे आहे अशी ही बाळे. आणखी एक कारण स्पष्ट बोलले पाहिजे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्याकडे अजून आहे. अशा नात्यातल्या लग्नात जन्मतः बहिरेपणाची शक्यता वाढते. लग्न झालेले असेल तर कोणालाही दोष न देता बाळाची चाचणी लवकर करून घ्यावी. कान वाहत असेल तर त्यात कोमट तेल टाकू नये, डॉक्टरांना दाखवावे.

ही चाचणी दुखत नाही. ओएई चाचणीत कानात छोटे बूच घालून काही मिनिटांत उत्तर मिळते. बेरा चाचणी बाळ झोपलेले असताना करतात, डोक्याला लावलेल्या तारा फक्त मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते नोंदवतात.

यासाठी कर्ज काढण्याची गरज नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नये, आणि पथकाला 'सगळे ठीक आहे' असे न सांगता मनातली शंका सांगावी. तेथून मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. आशाताई बाळाच्या ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात घरी येतात, त्यांनाही विचारता येते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तेथे ऐकण्याची आणि बोलण्याची दोन्ही तपासणी होते.

कान चांगले निघाले आणि तरीही मूल नजर देत नसेल, बोटाने दाखवत नसेल, तर स्वमग्नतेची तपासणी करावी लागते. येत असलेले शब्द किंवा हावभाव मूल विसरू लागले तर वय कोणतेही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

घरी करण्यासारखे म्हणजे बोलत राहणे. भाकरी थापताना, अंघोळ घालताना, चिऊ-काऊ दाखवताना त्याच्या तोंडाकडे पाहून बोलावे आणि उत्तरासाठी थोडे थांबावे. जेवताना हातात मोबाइल देऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार एक वर्षाच्या मुलालाही पडद्यासमोर बसवणे योग्य नाही. दवाखान्यात जाताना माता व बाल संरक्षण कार्ड आणि प्रसूतीचे कागद बरोबर ठेवावेत. मूल कोणते आवाज ऐकते, कोणते शब्द बोलते, हे आठवडाभर वहीत लिहून ती वहीही न्यावी. डॉक्टरांसमोर नेमके तेच आठवत नाही.