काळजाची तालीम

सातारा-सांगली हा तालमींचा मुलूख. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ साली जकार्ताला आशियाई सुवर्णपदक जिंकले. पण तालीम पोरांनी करावी, साठी आली की माणसाने पारावर बसावे, अशी आपली समजूत. आम्हांला ती घातक वाटते.

काळीज मुठीएवढे असते. दिवसाला सुमारे एक लाख ठोके देते. भिंत विटांची, तसे शरीर बारीक पेशींचे. त्या नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. कातडीच्या पेशी झडतात, नव्या येतात. काळजाच्या पेशी मात्र बहुतेक जन्मभर त्याच. वर्षाकाठी शंभरात फार तर एक बदलते. म्हणून आहेत त्याच जपायच्या.

गुऱ्हाळाचे चुलवाण आठवा. तशी हजारो बारीक चुलवाणे काळजाच्या प्रत्येक पेशीत असतात. त्यांना तंतुकणिका म्हणतात. त्यांच्यातून काळजाला ताकद मिळते. जुने, फुटके चुलवाण आच कमी देते, धूर फार करते. वय झाले की तंतुकणिकांचेही तसेच होते. त्या धुराने पेशी झिजते. आपण झपझप चाललो, दम लागला, की पेशी कामाला लागते. मोडकी चुलवाणे काढून टाकते, नवी बांधते. बसून राहणाऱ्याच्या पेशीत हे काम ढिले पडते.

दुसरे असे, की वयाबरोबर काळजाची भिंत ताठ होते. जुन्या माणसांनी मोट पाहिली आहे. कातडे कडक झाले की मोट पुरती पसरत नाही, पाणी कमी भरते. ताठ काळजात रक्त तसेच कमी भरते. मग चढावर धाप लागते. अमेरिकेत डलास शहरी पंचेचाळीस ते चौसष्ट वयाच्या बैठ्या माणसांकडून दोन वर्षे नेमाने व्यायाम करवला. त्यांचा ताठपणा उतरला. ही माहिती २०१८ साली छापून आली. सत्तरीत सुरुवात केली तर ताठपणा तेवढा जात नाही, दम मात्र वाढतो.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आम्ही रानात राबतो की!" खरे आहे. पण मोट गेली, पंप आला. बैल गेले, ट्रॅक्टर आला. बांधापर्यंत जायलासुद्धा फटफटी लागते!

आठवड्यातून पाच दिवस अर्धा अर्धा तास चालावे. बोलता यावे, पण गाता येऊ नये, इतपत दम लागावा. (लोणंद-फलटणच्या वाटेने पंढरपूरला जाणारे म्हातारे वारकरी अभंग म्हणत चालतात, पण ती वर्षानुवर्षांची सवय.) रक्तदाब किंवा साखर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. चालताना छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला, तर जागीच बसावे आणि १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवावी.