अपडेट हवेच, वेळ मात्र आपली

विंडोजचे अपडेट कायमचे बंद करून देणारे जाणकार हल्ली जवळपास प्रत्येक कार्यालयात सापडतात. कोणी सर्व्हिस बंद करून देतो, कोणी रजिस्ट्रीत फेरफार करतो. या मागणीला कारणही आहे. जुलै 2015मध्ये विंडोज 10 आले तेव्हा होम आवृत्ती वापरणाऱ्यांकडून अपडेट नाकारण्याची सोय मायक्रोसॉफ्टने काढून घेतली. विंडोज 7मध्ये कोणता पॅच घ्यायचा आणि कोणता वगळायचा, हे एकेक खूण करून ठरवता येत असे. ऑक्टोबर 2016पासून तिथेही महिन्याभराचे पॅच एका गठ्ठ्यात येऊ लागले. पैसे मोजून घेतलेल्या संगणकावर न विचारता काहीतरी उतरावे आणि ऐन कामात तो रीस्टार्ट व्हावा, यावरचा राग रास्तच आहे. मात्र अपडेट मुळापासून बंद करणे घातक आहे. संगणकाच्या मालकाला खरी गरज आहे ती अपडेट कधी बसवायचे हे ठरवण्याची, आणि त्यासाठी आठवडाभराची सवड बहुतेकदा पुरते.

हे कशावरून, ते दोन घटनांवरून दिसते. 14 मार्च 2017 रोजी मायक्रोसॉफ्टने फाइल शेअरिंगच्या यंत्रणेतले एक गंभीर छिद्र बुजवणारा पॅच दिला. 12 मे रोजी वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तो याच छिद्रातून. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांना ठरलेल्या शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. पॅच येऊन तेव्हा जवळजवळ दोन महिने झाले होते. दुसरी घटना याच्या उलट आहे. 2 ऑक्टोबर 2018 रोजी विंडोज 10ची 1809 ही आवृत्ती आली. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखी फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर वळवली होती, त्यांच्यापैकी काहींच्या जुन्या जागी राहिलेल्या फाइल्स तिने पुसून टाकल्या. बोभाटा झाल्यावर चार दिवसांत कंपनीने ती थांबवली आणि दुरुस्त करून 13 नोव्हेंबरला पुन्हा दिली. सदोष अपडेट चार दिवसांत उघडे पडले. छिद्रावरचा मोठा हल्ला यायला आठ आठवडे लागले. आठवडाभर थांबून मग अपडेट घेणारा माणूस दोन्हीतून सुटला असता. अपडेट कायमचे बंद केलेला वॉनाक्रायच्या तोंडी होता, आणि पहिल्याच दिवशी हौसेने बटण दाबणाऱ्याच्या फाइल्स धोक्यात होत्या.

यावर पहिला आक्षेप सुरक्षातज्ज्ञांचा असतो. काही छिद्रे पॅच येण्याआधीपासूनच हल्लेखोरांच्या हाती असतात; तिथे एक आठवडाही जास्त. हे खरे आहे आणि अशा वेळी थांबू नये. एखाद्या छिद्राचा गैरवापर चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट पॅचसोबतच तसे जाहीर करते, आणि आपल्याकडे सर्ट-इन ही सरकारी संस्था इशारे देत असते. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: अपडेटच विषारी निघाले तर? 27 जून 2017 रोजी नॉटपेट्या हा व्हायरस पसरला, तो युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. जहाजवाहतूक करणारा मेर्स्क समूह त्यात सापडला आणि त्याच्याशी संबंधित, आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या टर्मिनलचे कामही कोलमडले. पण एकदा आत शिरल्यावर नॉटपेट्याने संगणकामागून संगणक गाठण्यासाठी वापरलेल्या मार्गांत मार्चमध्ये बुजवलेले तेच छिद्र होते. तो चोरलेले पासवर्डही वापरत असल्याने पॅच घेतलेलेही पूर्ण सुरक्षित नव्हते. तरीही पॅच न घेतल्याने कोणाचा फायदा झाला असे या घटनेतून निघत नाही.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. प्रत्येकाने आपल्या मनाने पॅच निवडले तर त्यांच्या असंख्य जोड्या तयार होतात आणि त्या सगळ्या तपासणे शक्य नसते, हा तिचा युक्तिवाद पटतो. सुरक्षेचे पॅच एका गठ्ठ्यात द्यावेत. परंतु त्याच गठ्ठ्यात नवी बटणे आणि बदललेले मेनू कोंबण्याची गरज या युक्तिवादातून सिद्ध होत नाही. उबुंटूमध्ये मूळ मांडणीनुसार सुरक्षेचे पॅच आपोआप बसतात आणि नव्या आवृत्तीकडे जायचे की नाही, हे मालक ठरवतो. मायक्रोसॉफ्टने 2019पासून होम आवृत्तीतही पाच आठवड्यांपर्यंत अपडेट थांबवण्याची सोय दिली, हे चांगले झाले. प्रो आवृत्तीत मासिक पॅच 30 दिवस आणि नवी आवृत्ती 365 दिवस लांबवता येते. नव्या आवृत्तीबाबतचा हा अधिकार जास्त पैसे भरणाऱ्यालाच का, याचे समर्थनीय उत्तर दिसत नाही. घरच्या संगणकातले फोटो आणि कागदपत्रे कार्यालयातल्या फाइलींइतकीच मोलाची असतात.

मासिक पॅच अमेरिकेच्या वेळेनुसार महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, म्हणजे आपल्याकडे त्या रात्री. त्याआधी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन एका आठवड्यासाठी 'पॉज' करावे, मधल्या काळात महत्त्वाच्या फाइल्सची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घ्यावी आणि मुदत संपली की पॅच बसू द्यावेत. ज्यांनी जाणकाराकडून अपडेटची सर्व्हिसच बंद करून घेतली आहे, त्यांनी ती आजच पुन्हा सुरू करून घ्यावी.