ट्रकला टर्बो बसवताना माप कोणते घ्यावे?



ऊस खात्यातल्या माणसाने बियाणे, खत, पाणी यावर लिहावे. इंजिनाशी त्याचा काय संबंध, असे आपणांस वाटेल. पण शेतातला ऊस चांगला असून भागत नाही, तो तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा लागतो. वाटेत गाडी बसली की ऊस वाळतो, वजन घटते, उतारा जातो. म्हणजे वाहतुकीचे इंजिन हे आपल्याच कामाचे इंजिन आहे.

गेल्या हंगामात आपल्या एका वाहतूकदार सभासदाने जुन्या बिगर-टर्बो ट्रकला भंगारातून आणलेला टर्बो बसवला. टर्बो होता मोठ्या इंजिनाचा. "मोठा आहे, ताकद जास्त देईल" असे मिस्त्री म्हणाला. डिझेल पंपही वाढवून घेतला. झाले असे की, भरलेली गाडी रानातून रस्त्यावर चढवताना ओढ काही मिळेना, नुसता काळा धूर. आणि सपाट डांबरीवर गाडी पळवली की इंजिन तापे. तिसऱ्या आठवड्यात हेड गॅस्केट गेले, उघडून पाहिले तर एका पिस्टनचे डोके वितळलेले. नऊ दिवस गाडी उभी, टोळी बसून, उचल अंगावर. चूक टर्बो बसवण्यात नव्हती असे म्हणता येईल, पण मापात नक्कीच होती. म्हणून कारखान्याच्या वर्कशॉपमधील मंडळींशी बसून हा विषय समजून घेतला, तो आपल्यापुढे मांडत आहे.

टर्बो करतो काय?

डिझेल जाळायला हवा लागते. जितकी हवा सिलिंडरमध्ये जाईल तितकेच डिझेल नीट जळते, बाकीचे धूर होऊन जाते. डिझेलमधल्या एकूण उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग सायलेन्सरवाटे फुकट जातो. त्याच गरम धुराच्या जोरावर एक चाक फिरवायचे आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने इंजिनात हवा कोंबायची, हा टर्बो. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी या कल्पनेचे पेटंट १९०५ साली घेतले.

आपल्याला हे विहिरीवरच्या पंपासारखे समजेल. हवेचे चाक म्हणजे पंपाचा इंपेलर. पाणी किती उंच चढवायचे आणि मिनिटाला किती लिटर हवे, या दोन गोष्टी पाहून आपण पंप घेतो. शेजाऱ्याचा साडेसात हॉर्सचा आहे म्हणून आपणही तोच घ्यावा, असे शहाणा शेतकरी करत नाही. टर्बोचेही तसेच आहे. हवेवर दाब किती हवा आणि मिनिटाला हवा किती किलो हवी, हे आधी ठरवायचे.

हिशेब करून पाहू

आपल्याकडे टाटाचे ६९७ इंजिन अनेकांना परिचयाचे आहे. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, १२८ मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे सुमारे ५.७ लिटर. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेते. २४०० फेऱ्यांना मिनिटाला १२०० वेळा, म्हणजे सुमारे ६,८०० लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाही, ८८ टक्के धरले तर ६,००० लिटर, म्हणजे ६ घनमीटर.

आता वजन पाहू. आपला भाग समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. ३५ अंश उन्हात इथली हवा घनमीटरला साधारण १.०७ किलो भरते. म्हणजे बिगर-टर्बो इंजिन मिनिटाला साडेसहा किलोच्या आत-बाहेर हवा घेते. एक किलो डिझेल धूर न करता जाळायला वीस किलो हवा धरावी. यावरून त्या इंजिनाला किती डिझेल पचेल ते कळते. पंप याहून वाढवला तर ताकद वाढत नाही, धूर वाढतो.

टर्बोने हवा १.७ पट दाबली असे समजू. म्हणजे घड्याळात सुमारे ०.७ किलो दाब दिसेल. मग हवा १.७ पट गेली का? नाही. सायकलला हवा भरताना पंप गरम होतो, तसे दाबलेली हवा तापते. ३५ अंशाची हवा १०० अंशांच्या वर जाते आणि फुगते. प्रत्यक्षात हवा भरते १.४ पट, मिनिटाला ९ किलोच्या घरात. तीच हवा इंटरकूलरमधून ६० अंशांपर्यंत थंड केली तर १.५५ पटीपर्यंत जाते. म्हणून नुसता दाब वाढवत नेण्यापेक्षा हवा थंड करणे इंजिनाच्या जिवाला बरे.

दुसरा हिशेब खालच्या फेऱ्यांचा, आणि आपल्या धंद्यात हाच महत्त्वाचा. उसाची गाडी रानातून बाहेर निघते ती १४०० फेऱ्यांवर. तेव्हा इंजिन हवा घेते मिनिटाला साडेतीन घनमीटरच. दाब दीड पट धरला तरी पाच किलोच्या आतच.

म्हणजे आपल्याला असा टर्बो हवा, जो पाच किलोवरही नीट चालेल आणि नऊ किलोवरही. प्रत्येक टर्बोचा कंपनीने काढलेला एक नकाशा असतो. त्यात डावीकडे एक रेघ असते. तिच्या पलीकडे हवा कमी पडून उलटी फिरते, टर्बो "फुक-फुक" करतो आणि बेअरिंग खातो. उजव्या टोकाला चाक गुदमरते, हवा वाढत नाही, नुसती तापते. आपले दोन्ही आकडे या दोन हद्दींच्या मध्ये पडले पाहिजेत. विक्रेत्याला हा नकाशा मागावा. तो दाखवू शकत नसेल तर माल घेऊ नये.

मोठा आणि लहान

मोठ्या टर्बोला फिरायला धूर जास्त लागतो. खालच्या फेऱ्यांवर तेवढा धूर नसतो, त्यामुळे ऐन चढाला टर्बो झोपलेला. ड्रायव्हर मग क्लचवर गाडी ओढतो आणि क्लचप्लेट जळते. वर सांगितलेल्या सभासदाचे हेच झाले. खाली हवा नाही आणि पंप वाढवलेला. जास्तीच्या डिझेलने धुराची उष्णता चढली आणि पिस्टन गेले.

फार लहान टर्बो चढाला लगेच जागा होतो, पण वरच्या फेऱ्यांवर धुराची वाट अडवतो. त्याचा वेग हद्दीबाहेर जातो. या मापाचे टर्बो मिनिटाला लाखभर फेऱ्या फिरतात, हे लक्षात घ्यावे.

धुराकडच्या खोक्याचे मापही पाहावे लागते. पाटाचे तोंड अरुंद केले की पाणी जोरात धावते, रुंद केले की संथ. खोके अरुंद असेल तर टर्बो लवकर उठतो, रुंद असेल तर उशिरा. उसाच्या वाहतुकीला, जिथे वजन जास्त आणि वेग कमी, तिथे अरुंदाकडे झुकणारे माप घ्यावे आणि वरच्या फेऱ्यांना जादा धूर बाजूने सोडणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, असलेला टर्बो पाहावा.

बसवण्यापूर्वी

१) पहिले कागद पाहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील माहिती उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. आर.टी.ओ. आणि विमा कंपनीला विचारल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. अपघात झाल्यावर विमा नाकारला तर घर-शेत जाते.

२) त्याच इंजिनाची कंपनीची टर्बो आवृत्ती असेल तर तोच टर्बो घ्यावा, दुसऱ्या इंजिनाचा नको. अशा आवृत्तीत बहुधा पिस्टन, गॅस्केट, ऑइल पंपही वेगळे असतात. नुसता टर्बो आणून ते इंजिन तयार होत नाही.

३) जुन्या, झिजलेल्या इंजिनाला टर्बो लावू नये. आधी कॉम्प्रेशन तपासावे.

४) दाबाचे घड्याळ आणि धुराच्या उष्णतेचे घड्याळ दोन्ही बसवावीत. टर्बोच्या आधी ७०० अंशांच्या वर काटा जाऊ लागला की पाय काढावा. हा काटा धूर दिसण्याआधी बोलतो.

५) डिझेल पंप डोळ्याच्या अंदाजाने नव्हे, टेस्ट बेंचवर लावून घ्यावा.

६) हंगामातली धूळ टर्बोच्या चाकाची पाती खाते. एअर फिल्टर आणि त्यापुढचे रबरी पाइप रोज पाहावेत. ऑइल वेळेवर बदलावे.

७) काट्यावर आल्यावर लगेच चावी बंद करू नये. एक-दोन मिनिटे इंजिन आरामात चालू ठेवावे, नाहीतर गरम टर्बोमधले ऑइल जळून कोळसा होतो.

शेवटी एक सांगणे. खेपा वाढाव्यात म्हणून आपण टर्बोच्या मागे लागतो. पण माझा अनुभव असा की, खेपा बहुतेक वेळा रानाच्या रस्त्यात, टायरमध्ये आणि जादा भरलेल्या वजनात अडकतात. आधी तिथे लक्ष द्या. त्यानंतरही ताकद कमी वाटली तर वहीत वरील दोन आकडे मांडा, खालच्या फेऱ्यांचा आणि वरच्या फेऱ्यांचा, आणि ते घेऊन विक्रेत्याकडे जा. ज्यांना हिशेब जमणार नाही त्यांनी इंजिनाची माहिती घेऊन गट कार्यालयात यावे, आपण मिळून मांडू.

आपला,
ऊस विकास अधिकारी